रोहण्याचा बोर्ड आणि सतरा अंडी

गुरुजींनी कापडी पिशवीतून बोर्ड काढला. मी केबल लावली, अपलोडचं बटण दाबलं आणि अर्ध्या मिनिटात प्रोग्राम चिपमध्ये जाऊन बसला. बोर्डावरचा दिवा ठरल्याप्रमाणे लुकलुकू लागला. चालला, हीच तर पंचाईत होती. कारण हाच बोर्ड रोहणा गावी गुरुजींच्या घरी दोन दिवसांपासून ढिम्म होता आणि त्यासाठीच ते सकाळची एसटी पकडून वर्ध्याला आले होते.

"घरी नाई चालत हो मॅडम," गुरुजी म्हणाले. "तुमच्या हाताले भेतो वाटते."

दोन हजार नऊ सालची, दिवाळीनंतरची ही गोष्ट. मी वर्ध्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स लॅबची इन्स्ट्रक्टर होते. वानखडे गुरुजी झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. शिक्षकांसाठी आम्ही एक वर्कशॉप घेतलं होतं, तिथं त्यांना या निळ्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाचा नाद लागला. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकच काम इमानानं करणारा छोटासा कॉम्प्युटर. त्याला काय करायचं ते सांगणारा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. तो मोठ्या कॉम्प्युटरवर लिहायचा आणि यूएसबी केबलनं चिपमध्ये पाठवायचा, याला अपलोड म्हणतात. एकदा आत गेला की लाइट गेली तरी तो पुसला जात नाही.

गुरुजींचा प्रोग्राम अंडी उबवायचा होता. त्याला कारणही तसंच घडलं होतं. त्यांच्या पत्नी, मंदाकाकू, यांच्या कोंबड्या माहेरहून आणलेल्या. तीस वर्षं तीच वंशावळ अंगणात नांदत होती. एका दुपारी खुराड्यात मुंगूस शिरलं आणि सगळ्या मारून गेलं. मागे राहिली ती स्वयंपाकघरातल्या टोपलीतली सतरा अंडी, आणि त्यांच्यावर बसायला एकही कोंबडी नाही. गुरुजींनी थर्माकोलचा डबा, साठचा बल्ब आणि तापमान मोजणारा सेन्सर जोडून मशीन केलं. अंडी थंड जागी आठवडाभर टिकतात, मग त्यांच्यात राम राहत नाही. गुरुजी माझ्याकडे आले तो बुधवार होता. रविवारी आठवडा भरत होता.

मी बोर्ड उलटसुलट पाहिला. क्रिस्टल नावाच्या चकचकीत डबीच्या पायाशी थोडं लालसर दिसलं. सोल्डरिंग करताना एक चिकट थर मागे राहतो, त्याला फ्लक्स म्हणतात. फ्लक्स असेल म्हणून मी सोडून दिलं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मी ते विसरावं म्हणून पुढे बरेच दिवस झटले.

केबल बदलून दिली. शिवाय खबरदारी म्हणून लॅबचा एक बोर्डही दिला आणि गुरुजींना निर्धास्त रवाना केलं. गुरुवारी फोन आला. लॅबचा बोर्डही घरी पोचताच गप्प झाला होता.

शुक्रवारचा अर्धा दिवस फोनवर गेला. मी विचारायचं, गुरुजींनी पाहून सांगायचं. ड्रायव्हर बरोबर होता. पोर्ट बरोबर होता. बोर्डाचं नाव बरोबर निवडलं होतं. पॉवरचा दिवाही लागत होता. या बोर्डावर आणखी दोन बारीक दिवे असतात. एक लुकलुकला की समजायचं कॉम्प्युटर हाक मारतोय, दुसरा लुकलुकला की बोर्ड ओ देतोय. गुरुजींकडे पहिला लुकलुकत होता. दुसरा कधीच लागत नव्हता, आणि स्क्रीनवर तोच तो 'नॉट इन सिंक'चा लाल मेसेज. म्हणजे आमचं काही या बोर्डाशी जुळत नाही.

मधेच काकूंनी फोन घेतला. मला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं, पण बोलणं पहिल्या वाक्यापासून घरच्यासारखं. "बाई, तुमच्यानं होत असंन त सांगा, नाई त तसं सांगा," त्या म्हणाल्या. "मी शेजारणीकडं खुडूक कोंबडी मागून पाह्यतो. पण तिची कोंबडी लई मारकुटी आहे." खुडूक म्हणजे अंड्यांवर बसायला तयार झालेली. मी माझ्या शिक्षणाला स्मरून सांगितलं की होईल, रविवारी मी स्वतः येते.

शनिवारी आमच्या एचओडी सरांच्या कानावर लॅबच्या बोर्डाची बातमी गेलीच.

"लॅबचा बोर्ड रोहण्यात काय करतोय?"

"बिघडलाय सर."

"म्हणजे दोन बिघडले. आता तिसरा नेऊ नका."

"नेत नाही. मीच जातेय."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि परत आल्यावर फॉल्ट रजिस्टरमध्ये कारण लिहून द्यायला सांगितलं. हे रजिस्टर म्हणजे काय बिघडलं, का बिघडलं आणि काय केलं, असे तीन रकाने. दुसऱ्या रकान्यात मी आयुष्यभर कधी 'कळले नाही' असं लिहिलेलं नव्हतं. आता लिहावं लागतं की काय, या विचारानं मला खरंच राग येत होता.

रविवारी रोहण्याला पोचले तेव्हा काकू मागच्या अंगणात विहिरीवर होत्या. मी चहापाणी नको म्हटलं आणि थेट टेबलाशी बसले. बोर्ड गुरुजींचा, केबल गुरुजींची, कॉम्प्युटर गुरुजींचा. बटण दाबलं. दोन्ही दिवे लुकलुकले आणि अपलोड झालं.

गुरुजी माझ्याकडे बघतच राहिले. मीही जरा फुगले, खोटं कशाला बोलू. बोर्डाला घाई चालत नाही, शांतपणे केबल लावावी लागते, असं एक छोटं लेक्चरही देऊन टाकलं. चाळीस वर्षं मुलांना लेक्चर दिलेला माणूस ते मुकाट्यानं ऐकत होता.

मग बोर्ड मशीनवर बसवला आणि बल्ब लावला. तापमान वाढेपर्यंत मी हातपाय धुतले, काकूंनी आग्रहानं पोहे दिले, ते खाल्ले. परत येऊन थर्मामीटर पाहिला तर मशीन थंडगार. बल्ब बंद. कोपऱ्यातल्या अंधारात बोर्डावर पॉवरचा दिवा तेवढा दिसत होता. पुन्हा अपलोड केलं. पहिला दिवा हाका मारत राहिला, दुसऱ्यानं ओ दिली नाही. नॉट इन सिंक. आणखी एकदा केलं, तेच. ते लेक्चर आम्हा दोघांनाही आठवत असणार.

माझा चेहरा पाहून काकू कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. घरी आलेल्या सवाष्णीला कुंकू लावल्याशिवाय त्या कशा सोडतील. बाजूच्या पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवलं, मग करंड्यात बुडवलं, माझ्या कपाळाला लावलं. तेच बोट घेऊन त्या मशीनकडे वळल्या.

"याचंही मन लागून नाई राह्यलं," त्या म्हणाल्या आणि बोर्डाच्या मधोमध चकाकणाऱ्या डबीवर एक ठसठशीत ओला टिळा लावला.

मी खुर्चीतून उठले.

"काकू, हे आधी कधी लावलं होतं?"

"आत्ता तुम्ही पोहे खाऊन राह्यल्या तवा. अन् रोजच लावतो, हे काम सुरू कराच्या आधी. काऊन?"

"आणि तिथंच का?"

"चांदीचा टाक बसवला आहे नं तिथं. देवाले सोडून कुठं लावू?"

आता क्रिस्टलबद्दल सांगते. बोर्डावर चांदीसारखी चकाकणारी एक इवलीशी लांबट डबी असते. ती चिपला ताल देते, सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके. ठोके थांबले की चिप थांबते, मग कॉम्प्युटरनं कितीही हाका मारल्या तरी ऐकणार कोण? हे ठोके फार नाजूक असतात. पायाशी जरासा ओलावा आला की विझतात, आणि ओलं कुंकू त्याला पुरेसं होतं. बरोबर देव्हाऱ्यातल्या टाकासारखी दिसणारी तेवढी एक वस्तू बोर्डावर असते आणि काकूंचं बोट रोज तिथंच जात होतं.

"मग तुम्ही बोर्ड आणलात तेव्हा मला दिसलं कसं नाही?" मी गुरुजींना विचारलं.

गुरुजी खाली पाहून म्हणाले, "मी पुसून आणलता, अन् आजही तुम्ही याच्या आधी पुसूनच ठेवलता. मॅडमसमोर कुंकवानं भरलेला बोर्ड कसा ठेवाचा?"

म्हणजे घरी ओला, एसटीत वाळलेला, आणि माझ्या टेबलावर पुसून चकचकीत. विज्ञानाच्या शिक्षकानं संकोचापायी पुरावा पुसला होता आणि उरलेल्या पुराव्याला मी फ्लक्स म्हटलं होतं. मला एकदम हसू फुटलं, ते आवरेना. आधी गुरुजी हसले, मग काहीच न समजता काकूही हसल्या.

गुरुजींच्या औषधाच्या डब्यात स्पिरिट होतं. जुन्या टूथब्रशनं बोर्ड घासला आणि पंख्याखाली वाळवला. अपलोड केलं. दुसऱ्या दिव्यानं ओ दिली, बल्ब लागला. प्रोग्राममधला तापमानाचा आकडा दोनदा बदलला, दोन्ही वेळा अपलोड विनातक्रार झालं. साडेसदतीस अंशावर काटा स्थिर झाला.

आता एकच प्रश्न उरला. मी काकूंना सांगितलं की कुंकू डब्याला लावा, बोर्डाला नको. त्या ऐकायला तयार नव्हत्या.

"कुंकू कपाळाले लावतात बाई, पोटाले नाई. माह्या माहेरचा जीव आहे त्या टोपलीत. बिनकुंकवाचा ठेवू का मी?"

खरं सांगायचं तर खंडेनवमीला लॅबमधल्या प्रत्येक मीटरला मीच कुंकू लावत असे. मी गुरुजींकडून सीडीचं एक जुनं पारदर्शक कव्हर मागितलं, मापानं कापलं आणि चार स्क्रूंवर बोर्डाच्या वर बसवलं. खाली चांदीचा टाक स्वच्छ दिसत होता. काकूंनी बरोबर त्याच्या डोक्यावर, प्लॅस्टिकवर, टिळा लावला. बल्ब चालूच राहिला. मग त्यांनी सतराच्या सतरा अंडी एकेक करून हातानं आत ठेवली, तोवर आम्ही दोघं श्वास रोखून उभे होतो.

एकविसाव्या दिवशी लॅबमध्ये फोन वाजला. पलीकडून कोणी बोलेचना, नुसती चिवचिव. गुरुजींनी रिसीव्हर डब्याजवळ धरला होता. मी पळत जाऊन एचओडी सरांना बोलावून आणलं आणि त्यांच्या कानाला फोन लावला. सरांना मी त्या दिवशी पहिल्यांदा दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं. माझे तर डोळे भरून आले.

मग काकू फोनवर आल्या. "तेरा निघाले मॅडम. पाय पिवळे, मान उघडी, अगदी माह्या मायच्या घरच्यासारखे. आता सांगा, कुंकवानं बिघडलं का काही?"

"काही बिघडलं नाही काकू," मी म्हटलं.

रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात मी 'ओलावा' लिहिलं आणि उपायाच्या रकान्यात 'झाकण बसवले'. सरांनी सही केली. तेव्हापासून कोणी बंद पडलेली वस्तू घेऊन आलं की मी मीटर हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारते: इकडे आणताना पुसली का? बहुतेक जण हो म्हणतात. मग मी त्यांना ती न पुसता पुन्हा आणायला सांगते.