मेश्रामताईंचा डिसेंट

मेश्रामताई इंग्रजी शब्दाला दारातच थांबवून विचारायच्या, ‘मूळचा कुठला?’ केंद्र सरकारच्या कचेरीत जन्मभर अनुवाद केला, तेव्हाची ही खोड. निवृत्त होऊन फरीदाबादला आमच्या सोसायटीत आल्या, तरी सुटली नाही. एकदा निवडणुकीचे उमेदवार कडक पांढऱ्या कपड्यांत मत मागायला आले. ताईंनी त्यांना ऐकवलं, की कॅन्डिडेट हा शब्द लॅटिनमधल्या ‘पांढराशुभ्र’वरून आलाय, रोममध्येही मतं मागणारे असेच झगे उजळवून फिरायचे. बिचारे पाणीही न पिता गेले.

सोसायटीचा सेक्रेटरी मी. आमच्याकडे सभेचं इतिवृत्त सभेआधीच टाइप होतं, ‘सर्वानुमते मंजूर’सकट. त्या रविवारी ठराव होता, की कामवाल्या बायकांनी लिफ्ट वापरायची नाही. हात पटापट वर गेले. ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझा डिसेंट नोंदवा. अध्यक्षांनी समजुतीच्या सुरात विचारलं, “मैडम, सब राज़ी हैं, आप क्यों लड़ रही हैं?”

“लड़ नहीं रही. डिसेंट में लैटिन का सेंटिरे है, यानी महसूस करना. डिस यानी अलग. मुझे अलग महसूस होता है, इतना लिख लीजिए.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “कन्सेंटमध्येही तेच सेंटिरे आहे. एकत्र वाटणं. तुम्हाला काही वाटलं होतं, की नुसताच हात वर गेला?”

मला रागच आला. ‘सर्वानुमते’ खोडून ‘बहुमताने’ लिहावं लागलं. ठराव मात्र झालाच.

दुसऱ्या दिवसापासून ताईंनी लिफ्ट सोडली. त्यांच्या घरी काम करणाऱ्या कमलाबरोबर पाचव्या मजल्यापर्यंत जिना चढायच्या, गुडघा दाबत, दम खात. मुलगा चिडला, कमलाने हात जोडले. ताईंचं एकच उत्तर, “मी कुठला नियम मोडतेय?”

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. त्यांना न्यायचं म्हणून अध्यक्ष स्वतः लिफ्ट थांबवून उभे होते. मुलगा शांतपणे म्हणाला, “आई जिन्यानेच जाईल.” पाच मजले आम्ही खांदे बदलत उतरलो, मागून कमला डोळे पुसत येत होती. फार रिकामं वाटलं मला त्या दिवशी.

पुढच्या सभेत लिफ्टचा नियम तसाच पुढे चालू ठेवायचा होता. मी कोरे कागद घेऊन गेलो. अध्यक्षांनी सवयीने विचारलं, “सब सहमत?”

मी उभा राहिलो. “मुझे अलग महसूस होता है,” म्हणालो, आणि खाली बसून आधी तेच लिहून घेतलं.