अकोल्यात भरलेली हवा

आमच्या टीमचा इतिहास कुणी विचारला की मी बैलांपासून सुरुवात करतो आणि विचारणारा घड्याळाकडे बघायला लागतो. त्याला माझा इलाज नाही. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या ज्या शेडमध्ये आमची रेसिंगची गाडी उभी असते, त्या शेडच्या मालकांनी तरुणपणी शंकरपटात जोड्या हाकल्या आहेत. शंकरपट म्हणजे आमच्या वऱ्हाडातली बैलांची शर्यत. दोन बैल, मागे हलकासा छकडा, त्यावर एक माणूस आणि समोर सरळ पट्टा. मालकांची शेती हिवरखेडला, घर जठारपेठेत आणि धंदा ट्रॅक्टरची अवजारं बनवण्याचा. त्यांना सगळे काका म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

कोर्टाच्या बंदीमुळे मधली काही वर्षं पट बंद होते. त्या काळात काका फार चिडचिडे झाले होते, असं काकू सांगतात. एकदा ते जुनं लेथ मशीन आणायला दक्षिणेत गेले. तिथे कुणीतरी त्यांना शर्यत दाखवायला नेलं आणि चार दिवसांनी टेम्पोतून उतरली ती उघड्या चाकांची, एकाच माणसाला बसता येईल अशी, तीन मालक फिरून आलेली रेसिंगची गाडी. ज्युनिअर गटातली. म्हणजे आत इंजिन एका साध्या फॅमिली कारचं, आणि चालवणारे सगळे विशीच्या अल्याडपल्याडचे, नुकते शिकणारे. काकूंनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "आन मी कुठी बसू?"

"छकड्यावर बसत होती का तू?" काका म्हणाले, आणि टीम सुरू झाली.

मी अमरावतीला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. मुलांना कारखाना दाखवायला म्हणून काकांच्या शेडमध्ये नेलं होतं, तिथे ही गाडी दिसली आणि माझी जीभ सुटली. गुरुत्वमध्य, घर्षण, केंद्राकडे ओढणारं बल, सगळं सांगून झालं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, लय बोलता तुमी. शनिवारी येत जा." तेव्हापासून दर शनिवारी बडनेरा, मूर्तिजापूर करत एसटीने अकोला. टायर आणि त्यातली हवा हे खातं माझ्याकडे आलं. चष्म्याच्या जुन्या घरात मी हवेचा दाब मोजायचा एक पितळी गेज ठेवायचो, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नसे.

पहिली दोन वर्षं गाडी चालवणारे आले आणि गेले. तिसऱ्या वर्षी मी माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीला घेऊन गेलो. वलगावची मुलगी, वडील पंचायत समितीत नोकरीला. बारावीत असताना तिने मला विचारलं होतं की ट्रॅक्टर चिखलात रुतला की ड्रायव्हर जास्त रेस का करतो, त्याने तर तो आणखीच रुततो. मला उत्तर माहीत होतं, पण हा प्रश्न पडलेला विद्यार्थी मला वीस वर्षांत भेटला नव्हता. काकांनी तिला गाडीत बसवलं, शेडमागच्या मोकळ्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि मला म्हणाले, "हात हलका आहे पोरीचा." पटवाल्या माणसाच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघत नाही.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही दोघं एकाच बसने जायचो. खिडकी तिची. मूर्तिजापूरच्या स्टँडवर चहा माझा.

काकांच्या घरच्या दोन रीती इथे सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. पहिली अशी की पटात जोडी हरली तर बैलाला बोल लावायचा नाही. त्यांचे वडील हरल्यावर आधी जू तपासायचे, मग दोर, मग छकड्याची चाकं, आणि शेवटी स्वतःची चूक शोधायचे. बैलाच्या पाठीवर थाप मारून त्याला घरी आणायचे. दुसरी अशी की पटाला निघण्याआधी बैलांना हळदकुंकू लागलं की मग परक्याचा हात त्यांना लागू द्यायचा नाही.

ही दुसरी रीत काकांनी गाडीला लावली. निघायच्या दिवशी भर दुपारी मी शेडमधल्या कॉम्प्रेसरने टायरांत हवा भरायचो, गेजने मोजायचो, अठरा पाउंड, आणि व्हॉल्व्हची टोपणं घट्ट बसवायचो. मग काकू प्रत्येक टोपणाला हळदकुंकू लावायच्या. त्यानंतर परत येईपर्यंत टोपण उघडायचं नाही. शर्यतीच्या दक्षिणेतल्या ट्रॅकवर बाकीच्या टीमचे लोक दर तासाला गेज घेऊन टायरांपाशी वाकलेले दिसायचे. यांची टायरं गळकी असणार म्हणून आम्ही हसायचो. काका म्हणायचे, "यायच्या टायरातून हवा गयते वाटते." फिजिक्सचा मास्तर म्हणून मी तोंड उघडायला हवं होतं. पण माझ्या मोजमापाला कुणी कुंकू लावतंय याचं मला, खोटं कशाला बोलू, सुख वाटत होतं. शिवाय शर्यती हिवाळ्यात असायच्या आणि आमचं कधी काही बिघडलं नव्हतं.

त्या वर्षी एक शर्यत पुढे ढकलली गेली आणि जूनच्या सुरुवातीला आली. वलगावच्या मुलीसाठी तीच शर्यत महत्त्वाची होती. काकांची गाडी एक, त्यामुळे चालवणारं माणूसही एकच. पुढचा पूर्ण हंगाम तिला द्यायचा की नवीन कुणी शोधायचं, हे या शर्यतीवर ठरेल असं काकांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. तिच्या वडिलांनी तिला एक वर्ष दिलं होतं. जागा मिळाली तर ठीक, नाहीतर बी.एड.चा फॉर्म.

आम्ही निघालो तेव्हा अकोल्यात शेडचा पत्रा इतका तापला होता की खाली उभं राहवत नव्हतं. मी हवा भरली, काकूंनी कुंकू लावलं. दोन दिवसांनी ट्रॅकवर पोचलो तर तिकडे ढग, गार वारा, आणि आमच्यातले दोघं चक्क स्वेटर शोधत होते.

सरावाच्या पहिल्या फेऱ्या मारून ती खाली उतरली. हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाली, "सर, गाडी मांगून डोलून राहिली. वळणावर अंग टाकते."

मी टायरांकडे पाहिलं. चारही टोपणांवर कुंकू जसंच्या तसं होतं. "हवा मी स्वतः मोजलीये," मी म्हणालो.

"हवेचं मले नाही मालूम. पन डोलते."

काका म्हणाले, "नवं मैदान पाहून बैल बी बिचकते. भेली असशीन."

"भेली नाही काका."

तिने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि ती पाणी प्यायला गेली. नंतर पुन्हा ती त्यावर बोलली नाही. मला तर ते बरंच वाटलं होतं.

शर्यतीत पाचव्या फेरीपर्यंत ती सहावी होती. मग एका लांब उजव्या वळणावर गाडीची मागची बाजू सुटली, गाडी दीड गिरकी घेऊन रेतीत गेली आणि पुढचं नाक मोडलं. तिला खरचटलंसुद्धा नाही. हेल्मेट हातात घेऊन ती कडेकडेने चालत आली, आणि आम्ही तिघं ओढून आणलेल्या गाडीच्या मोडलेल्या नाकाकडे बघत उभे राहिलो.

अकोल्याला परत पोचलो ती पुन्हा भर दुपार. काकांनी सांगितलं, हवा बघा. मी टोपणं उघडली, गेज लावला. काटा अठरावर. चारही चाकांना अठरा, एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही. मी गेज वर धरून सगळ्यांना दाखवला. तो दाखवताना माझा चेहरा कसा असेल ते आठवलं की अजून लाज वाटते.

"हवा बरोबर होती," काका म्हणाले. मग तिच्याकडे वळून, आवाज न चढवता, "पोरी, तू आता अभ्यास कर."

ती हो म्हणाली. परतीच्या बसमध्ये तिने खिडकी घेतली नाही, पुढे बायकांच्या सीटवर जाऊन बसली.

कॉलेज सुरू झालं. बारावीच्या वर्गात मी वायूंचे नियम शिकवायला घेतले. दरवर्षीचंच उदाहरण फळ्यावर लिहिलं: बंद भांड्यातली हवा गार झाली की तिचा दाब कमी होतो, पुन्हा तापली की दाब पूर्ववत होतो. ते मी खडूने लिहीत होतो आणि 'पूर्ववत' या शब्दापाशी माझा हात थांबला. अकोल्याच्या तापलेल्या पत्र्याखाली भरलेली हवा. तिकडच्या गार वाऱ्यात उतरलेला दाब. आणि परत अकोल्यात, भर दुपारी, काटा अठरावर. हिवाळ्यात दोन्हीकडे हवामान सारखंच असायचं, म्हणून आमचं निभावलं होतं. मी आकडेमोड केली, अडीच पाउंड कमी. एवढा दाब उतरला की टायर मऊ पडतात आणि गाडी वळणावर डोलते. तिने सांगितलं होतं ते अगदी तसंच झालं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्या टेबलाखाली होता, आणि चोर सोडून आम्ही संन्याशाला फाशी दिली होती.

आता जे सांगतो ते मला सांगायला आवडत नाही. मी पंधरा दिवस गप्प बसलो. दोन शनिवार अकोल्याला गेलो, नवीन नाक बसवायला मदत केली, चहा प्यालो आणि परत आलो. वीस वर्षं जो धडा शिकवतो त्यातच मी नापास झालो हे कुणाला कळू नये, एवढंच माझ्या मनात होतं. तिचा विचार यायचा, नाही असं नाही. पण आधी माझा यायचा.

तिसऱ्या शनिवारी बसमध्ये खिडकीची सीट रिकामी होती आणि मी तिथे बसू शकलो नाही. त्या दिवशी पावसाची उघडीप होती; शेडमध्ये पोचल्यावर मी एक चाक उन्हात तापलेल्या पत्र्याला टेकवून ठेवलं आणि ते चांगलं तापल्यावर त्यात अठरा पाउंड हवा भरली. मग ते शेडमागच्या हौदात बुडवलं. अर्ध्या तासाने बाहेर काढून काकांसमोर गेज लावला. काटा खाली आला होता.

काकांनी गेज माझ्या हातातून घेतला आणि स्वतः पुन्हा लावून पाहिला. पुस्तकी नियम त्यांना माहीत नव्हते, पण समजायला एवढं पुरे होतं.

"हे तुमाले कवापासून मालूम आहे, मास्तर?"

"पंधरा दिवस झाले."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी हात धुतले, घरच्या जीपची किल्ली घेतली आणि म्हणाले, "चाला. वलगावले."

पोचायला दोन अडीच तास लागले.

तिच्या घरी बुद्धाच्या तसबिरीखालच्या टेबलावर बी.एड.चे कागद पसरलेले होते. वडिलांनी खुर्च्या पुढे केल्या, पाणी आणलं. मी बसलो. काका बसले नाहीत. मी सगळं सांगितलं, पंधरा दिवसांसकट. ती कागद एकावर एक रचत ऐकत होती. माझं झाल्यावर काका बोलले. इतक्या वर्षांत त्यांना कुणाची माफी मागताना मी पाहिलं नव्हतं, आणि मागायची कशी हे त्यांनाही नीट येत नव्हतं.

"पोरी, पटात जोडी हारली त मी कदी बैलाले बोल लावला नाही. बापानं शिकवलंच नाही तसं. आन तुले लावला."

ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "काका, बैल बोलत नाही. मी त बोलली होती."

तिचे वडील खाली बघत होते. काका त्यानंतर खुर्चीवर बसले. मला रडू आलं. चष्मा पुसायला फडकं हवं म्हणून मी खिशातलं चष्म्याचं घर उघडलं तर आत फडकं नव्हतंच, गेज होता. मी तो तिच्यापुढे टेबलावर ठेवला.

तिने तो लगेच उचलला नाही. आधी चहा आला, तो आम्ही प्यालो. मग काकांनी विचारलं, पुढचा हंगाम चालवशील का, आणि ती म्हणाली की ती येईल, पण एका अटीवर. गाडीतून उतरल्यावर आधी ती बोलेल. तिचं बोलून होईपर्यंत कुणी टायराकडे बघायचं नाही, गेज काढायचा नाही, आणि मैदान, बैल, भीती यातला शब्द काढायचा नाही.

तो हंगाम तिने पूर्ण चालवला. आज ती शर्यतीच्या दिवशी ट्रॅकच्या कडेच्या भिंतीपाशी उभी राहून टीम सांभाळते आणि गाडीत दुसरी एक मुलगी बसते. काकू अजून कुंकू लावतात, पण आता ट्रॅकवर पोचल्यावर, हवा मोजून झाली की. गाडी येऊन थांबते, हेल्मेट निघतं, आणि आम्ही सगळे त्या मुलीच्या तोंडाकडे बघत राहतो. मध्येच मला काहीतरी सुचतं, माझं तोंड उघडतं. मग वलगावची मुलगी माझ्याकडे बघते आणि मी ते मिटतो.