अर्धं पेट्रोल, अर्धं सरकार

पेट्रोल पंपावर गाडी थांबते ती किती वेळ? टाकी भरेपर्यंत. पण तेवढ्यात माणूस काहीतरी बोलून जातो, आणि गाडी गेली तरी त्याचं बोलणं मागे राहतं. आमच्या गोखिवऱ्याच्या पंपावर पेट्रोल कितीदा तरी संपलं, ‘नो स्टॉक’ची पाटी लागली, पण किश्श्यांचा स्टॉक काही संपला नाही!

आमचे हे त्या पंपावर पेट्रोल भरतात. पंपाच्या मागे, जरा लांब, शेठनी आम्हाला खोली दिली आहे. खिडकीतून सगळा पंप दिसतो. मी दिवसभर खिडकीत असते, कारण आमचा संजू. त्याची छाती जन्मापासून नाजूक. कधी घरघर लागेल आणि कधी श्वास अडकेल, सांगता येत नाही. सरकारी दवाखाना तिकडे वसईत, गाडीशिवाय वेळेत पोचायचं नाही. म्हणून पंपावर कुठलीही गाडी आली की मी खिडकीतून ओरडून विचारायचे, “टाकीत किती आहे हो?”

नवीन माणूस दचकायचा. त्याला वाटायचं, पंपवाल्यांनी चौकशीला बाई ठेवली आहे!

*

लग्न होऊन आले तेव्हा मला पेट्रोलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. सातवी शिकलेली म्हणून शेठ मला पेपर वाचायला लावायचे. एकदा बातमी आली, पेट्रोलवरचा कर वाढला. मी विचारलं, “शेठ, हा कर पेट्रोलवर कुठे असतो?”

शेठ म्हणाले, “सूनबाई, वर नसतो, आतच असतो. असं समज, एका लिटरात अर्धं पेट्रोल आणि अर्धं सरकार.”

मी बराच वेळ विचार केला. मग म्हटलं, “मग गाडी पळते ती कोणाच्या जोरावर?”

शेठ हसता हसता खुर्चीवरून पडायचे राहिले. त्या दिवसापासून आमच्या पंपावर कराला कोणी कर म्हटलं नाही. सगळे सरकारच म्हणायला लागले.

*

ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडली ती इनासभाऊंना. इनासभाऊ भुईगावचे. स्वतःची केळीची वाडी, आणि एक जुनी पेट्रोलची जीप. पहाटे त्यात केळीच्या नि पानांच्या टोपल्या, नंतर माणसं. जीप इतकी जुनी, की तिचा आवाज आला की माझी कोंबडी पिल्लांना घेऊन मोरीत शिरायची.

तर इनासभाऊ पंपावर यायचे, टाकीचं झाकण उघडायचे आणि ह्यांना म्हणायचे, “सरकार बाजूला काढ, मला नुसतं पेट्रोल घाल!”

दर वेळी तेच. आणि हे दर वेळी म्हणायचे, “भाऊ, सरकार तळाला बसलंय, निघत नाही.”

*

एकदा शेठनी त्यांना समजवायला घेतलं. “इनास, हा कर आजचा नाही. माझ्या बापाच्या वेळेला, इंग्रजांच्या राज्यात वाढवला होता. तेव्हा सांगितलं होतं, ह्या पैशातून रस्ते करू.”

इनासभाऊंनी पंपाबाहेरच्या रस्त्याकडे बघितलं. खड्ड्यात एक म्हैस आरामात बसली होती.

“म्हणजे इंग्रज गेला,” ते म्हणाले, “कर राहिला, आणि रस्ता अजून वाटेतच आहे!”

*

भाव वाढला की माणसाचं डोकं फार चालतं. आमच्याकडे एक मास्तर यायचे. नवी स्कूटर होती, पण पेट्रोल वाचवायला उतार दिसला की इंजिन बंद करायचे. एकदा उतार संपला आणि स्कूटर चालू होईना. मास्तर घामाघूम होऊन स्कूटर ढकलत पंपावर आले, आणि मागच्या सीटवर वहिनी पदर सावरून बसलेल्या!

हे म्हणाले, “अहो मास्तर, वहिनींना तरी उतरवायचं!”

मास्तर म्हणाले, “तिला बसायची हौस म्हणून तर घेतली स्कूटर! मला काय, मी आधीही चालतच होतो.”

*

दुसरा एक होता, त्याचं डोकं मास्तरांच्याही पुढे. रॉकेलवर सरकार कमी आणि पेट्रोलवर जास्त, हे त्याला कळलं. एके दिवशी त्याची मोटरसायकल आली ती एवढा धूर सोडत, की मी संजूला घेऊन मागच्या दाराने पळाले. धूर त्याच्या छातीला चालत नाही.

शेठनी नाक वर करून वास घेतला आणि हात पुढे केला. “रेशनकार्ड दाखव!”

“पेट्रोलला रेशनकार्ड?”

“पेट्रोलला नाही रे बाबा. तुझ्या गाडीला घरातलं माणूस म्हणून कार्डावर चढवलंय का, ते बघायचंय!”

*

बजेटचा दिवस म्हणजे आमच्याकडे जत्राच. संध्याकाळी पाचला दिल्लीत मंत्री बोलायला उभे राहणार, उद्यापासून पेट्रोल महागणार, म्हणून दुपारपासूनच रांग. स्कूटरी, रिक्षा, हातात डबे घेतलेली माणसं. बाकीच्या पंपांच्या टाक्या त्या दिवशी कशा कोण जाणे रिकाम्या असायच्या. आमचे शेठ मात्र म्हणायचे, “टाकीत आहे तोवर देणार. आज लपवून उद्या विकलेलं मला पचत नाही.”

शेठनी रेडिओ बाहेर आणून ठेवायचा. मंत्र्यांचं भाषण इंग्रजीत. कोणाला काही कळायचं नाही, पण सगळे गप्प. मंत्र्यांनी मधेच पाणी प्यायला आवाज थांबवला, की मास्तर म्हणायचे, “झालं! आता पेट्रोल आलं बहुतेक. घसा कोरडा पडला त्यांचा.”

*

गेल्या वर्षीच्या बजेटची गोष्ट. इनासभाऊ जेवून आले ते सरळ रांगेत उभे. दोन-तीन तास उन्हात काढले. जीपचा काटा तळाला टेकलेला. साडेचारच्या सुमाराला त्यांच्यापुढे एकच रिक्षा राहिली, आणि इकडे संजूचा श्वास अडकला.

ओठ निळे पडले. मी त्याला उचलून तशीच अनवाणी पंपावर धावले. रोज प्रत्येक गाडीला विचारणारी मी, त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही.

इनासभाऊंनी बघितलं आणि जीपमधल्या रिकाम्या टोपल्या खाली भिरकावल्या. “बस आत, बाय!”

हे नळी टाकून धावले. “भाऊ, थांबा, पेट्रोल तरी...”

“वसईपुरतं आहे. तू चढ आधी!”

शेठनी नळी स्वतःच्या हातात घेतली. जीप रांगेतून निघाली.

तो खड्ड्यांचा रस्ता त्याच हिवाळ्यात नवा डांबरी झाला होता. भाऊंनी जीप अशी सोडली, की कुठे धक्का म्हणून बसला नाही. मी संजूच्या छातीवर हात ठेवून बसले होते. रस्ता जुनाच असता तर धक्का कुठला आणि श्वास कुठला, मला कळलं नसतं.

दवाखान्यात सिस्टरने संजूला माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. नाकाला ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. हळूहळू त्याचे ओठ लाल झाले. हे आणि इनासभाऊ बाहेर बाकावर बसून राहिले. भाऊंच्या हातात रोझरीची जपमाळ होती. ह्यांना ती प्रार्थना येत नव्हती, पण भाऊंचे ओठ हलले की ह्यांचेही हलायचे.

सकाळी सोडलं तेव्हा मी पदराची गाठ सोडत विचारलं, “सिस्टर, किती झाले?”

सिस्टर दुसऱ्या पोराला तपासत होती. मान वर न करता म्हणाली, “काही नाही. सरकारी आहे.”

इनासभाऊ दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

परत आलो तर पेट्रोल संपून जीप पंपाच्या अलीकडेच बंद पडली. भाऊ आणि हे ढकलत आले. बघते तर काय, पंपाच्या मशीनसमोर भाऊंची केळीची टोपली! शेठनी सांगितलं, भाऊ गेल्यावर मास्तरांनी ती त्यांच्या जागेवर ठेवली. टोपलीचा नंबर आला तेव्हा मागच्या सगळ्या गाड्या तिला वळसा घालून गेल्या. कोणी तिला हलवलं नाही. शेठच्या पांढऱ्या धोतरावर पेट्रोलचे डाग तसेच होते.

आणि वर पाटीवर खडूने नवा भाव.

शेठ म्हणाले, “इनास, टोपली कालपासून रांगेत आहे. तुझा नंबर कालचा, तर भावही कालचा. वरचे पैसे मी बघून घेतो.”

इनासभाऊंनी टाकीचं झाकण उघडलं. माझ्या खांद्यावर संजू झोपला होता, तोंड उघडं टाकून, संथ. भाऊंनी त्याच्याकडे बघितलं.

“नको शेठ,” ते म्हणाले. “आज सरकारसकट घाला!”