सायकलवाला आणि दातांचा डॉक्टर

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर आठवडाभर मला सगळं धूसर दिसत होतं. जुना चष्मा चालेना, नवा मिळायला अजून महिना होता. दुबईच्या अल बर्शा भागातल्या आमच्या खिडकीतून मेट्रो जाताना नुसती निळसर रेघ दिसायची. दुपारचं ऊन पडद्यातून झिरपत खोलीभर पसरायचं, कुठल्याच वस्तूला कडा उरायची नाही. खरं तर मला ते आवडू लागलं होतं. पण कबूल कोण करणार? मी कुरकुरतच होते.

मुलाने माझ्यासाठी रजा काढली होती. सव्वीस वर्षांचा, इथेच वाढलेला. मी मराठीत बोलायचं आणि त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं, ही आमच्या घरची जुनी वहिवाट. माझ्या डोळ्यांत ड्रॉप्स घालून झाले की आम्ही दोघं सोफ्यावर पडून एक जपानी मालिका बघायचो. बघायचा तो, मी ऐकायचे. खालची इंग्रजी अक्षरं मला दिसत नव्हती, म्हणून तो ती मराठीत सांगायचा. त्याचं मराठी जेवणापुरतं आणि भांडणापुरतंच आहे, असं मी धरून चालले होते. पण पाण्यात पडल्यावर आलं त्याला पोहायला.

मालिका छोटीशी, आठ भागांची. एक दातांचा डॉक्टर आणि एक सायकली दुरुस्त करणारा. डॉक्टर रोज आपल्याच सायकलचं चाक पंक्चर करायचा, दुकानात जायला निमित्त हवं म्हणून. मला वाटलं, मैत्री असेल. दुसऱ्या भागात कळलं की प्रेम आहे. मी "अगं बाई!" म्हणाले, आणि लगेच "पुढे काय?" असंही विचारलं.

"त्या सायकलवाल्याला केव्हाच कळलंय," मी म्हणाले. "रोज कुणाचं चाक पंक्चर होतं?"

"आई, प्लीज. पेशन्स," तो हसून म्हणाला.

त्याच आठवड्यात मी त्याचं लग्न जमवत होते. दुबईत बसून पुण्यातली मुलगी बघायची म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पण पत्रिका जुळली होती, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण, आणि शनिवारी मुलीकडच्यांशी व्हिडिओ कॉल ठरला होता. त्याला विचारलं तेव्हा तो "इन्शाल्ला" म्हणाला होता. इथे वाढलेल्या पोरांचं इन्शाल्ला म्हणजे धड होही नसतं आणि नाहीही नसतं. मी ते हो धरलं.

शुक्रवारी दुपारी शेवटचा भाग लावला. डॉक्टर एका पुलावर उभा आहे, असं मुलाने सांगितलं. मग थांबत थांबत पुढचं सांगू लागला.

"मी खूप दिवस सांगायचा प्रयत्न करतोय. मला भीती वाटते. तू रागावशील म्हणून नाही, तू रडशील म्हणून. पण मी एखाद्या मुलीशी लग्न केलं, तर ते तिला फसवणं होईल. आणि तुलापण."

माझे डोळे अधू होते, कान शाबूत होते. टीव्हीतून फक्त नदीचा आवाज येत होता. कितीतरी वेळ जपानीत कुणी बोललंच नव्हतं.

आधी राग आला, मग त्याच्यासाठी भीती वाटली, या शहरात आणि पुण्यातसुद्धा. आपलं कुठे चुकलं, हा आयांचा ठरलेला प्रश्नही येऊन गेला. शेजारी तो श्वास रोखून बसला होता. जन्मात पहिल्यांदा तो माझ्याशी स्वतःचं काही इतकं सलग मराठीत बोलला होता, मला नीट कळावं म्हणून.

"संपलं त्याचं बोलणं?" मी विचारलं.

"हो."

"मग त्याला म्हणावं, त्याची आई रडेल. पण आत्ता नाही, ऑपरेशन झालंय तिचं. आणि शनिवारचा कॉल ती आजच रद्द करणार आहे."

तो अगदी हळू म्हणाला, "आई, त्याची आई या सिरीजमध्ये नाहीये."

"माहितीये मला," मी म्हणाले. "माझा फोन आण. आणि नंबर तू लाव, मला दिसत नाहीये."