चबुतऱ्यापर्यंत

उदगीरच्या आमच्या शाळेला लष्कराची पट्ट्यांवर चालणारी एक जुनी, गंजलेली गाडी भेट मिळाली. ती चबुतऱ्यावर ठेवायची होती. दुरुस्तीसाठी कंधारहून बुलडोझरचे एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांचं नाव मी विचारलंच नाही, सगळे चाचा म्हणायचे. पट्ट्याची एकेक कडी ते डिझेलनं धुवायचे, पोत्यावर वाळत ठेवायचे आणि जाता-येता तिच्यावरून अंगठा फिरवायचे.

"चाचा, नुसता रंग दिला तरी चालेल. तिला उभंच राहायचंय," मी म्हणालो.

"राहू द्या की. पर तिथवर तिच्या पायानं जाऊ द्या, सर. उचलून तर मय्यत नेतेत."

मला ते पटलं, पण गाडी चालेल असं वाटेना. कार्यक्रमाच्या सकाळी त्यांना न सांगता मी क्रेन बोलावून ठेवली.

क्रेन फाटकातून आत आली. चाचांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ते गाडीत चढून बसले.

"तुम्ही नारळ फोडा, सर. मी बिस्मिल्ला म्हणतो."

इंजिन दोनदा खोकलं, काळा धूर निघाला आणि गाडी खडखडत, चबुतऱ्याला लावलेल्या मातीच्या उतारावरून थेट वर चढली. पोरांनी टाळ्या पिटल्या. मी मात्र खाली मान घालून चाचांजवळ गेलो.

"चाचा, ती क्रेन मीच..."

"ठावं हाय," घाम पुसत ते म्हणाले. "म्या कुठं परत धाडली तिला? भरोसा मलाबी न्हवता. जा, त्या क्रेनवाल्याला च्या पाजा."