आत्याची नणंद आणि माझा डावा गाल

ओळख झाल्यावर समोरच्याचं नाव, गाव, नोकरी यांतलं काहीही न विचारता थेट त्याच्या पोटरीची चौकशी करणारी बाई साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच होती, आणि ती माझ्या आत्याची नणंद होती. आत्या त्यांना नणंदबाई म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायचो. ज्यांच्या त्या कुणीच लागत नव्हत्या ते शेजारीसुद्धा नणंदबाईच म्हणायचे. डोंबिवलीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं, पण खरं म्हणजे त्या जिथे उभ्या राहतील तिथे क्लिनिक सुरू व्हायचं. भाजीवालीला त्या कोथिंबीर मागण्याआधी खांदा फिरवून दाखवायला लावत. माझ्या चुलतबहिणीला बघायला आलेला मुलगा पायावर पाय टाकून बसला होता; नणंदबाईंनी बोलता बोलता त्याच्या गुडघ्याखाली तळहाताच्या कडेने टपकन मारलं. पाय उडाला, त्याबरोबर टीपॉयवरची चिवड्याची बशीही उडाली. "नसा ठणठणीत आहेत," त्यांनी जाहीर केलं. "आता पत्रिका बघा." लग्न जमलं.

मीटर दुरुस्त करायला आलेला वायरमन एकदा म्हणाला, "बॉडीत पण करंटच असतो ना, मॅडम?" बिचाऱ्याला पुढचा पाऊण तास हलता आलं नाही. "अरे, तारेतून वाहते तशी वीज नसेतून वाहत नाही. पेशीच्या बाहेर सोडियमची गर्दी, आत पोटॅशियम. पेशीला इवली इवली दारं. एक उघडलं की सोडियम आत घुसतं, तिथला विद्युतभार पालटतो, त्याने शेजारचं दार उघडतं, मग त्याच्या शेजारचं. असं करत निरोप स्नायूपर्यंत जातो आणि स्नायू आखडतो."

"आमच्या चाळीत भांडण झालं की असंच होतं," वायरमन म्हणाला. नणंदबाईंना हे इतकं आवडलं की त्यानंतर प्रत्येक पेशंटला त्यांनी चाळच सांगितली.

मलाही सांगितली. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी कल्याणच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. एका सकाळी चहा ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून साडीवर सांडला. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची डावी बाजू ओघळलेली, डोळा मिटेना. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, गोळ्या घ्या. शाळेत हजेरी घ्यायला गेले तर 'पाटील'चा 'फाटील' झाला. वर्ग खो खो हसला. हे कायमचंच राहिलं तर शिकवायचं कसं, या धास्तीने मी रजा टाकून घरी बसले.

नणंदबाई एक दिवसाआड रिक्षाने येऊ लागल्या. सुटकेसमध्ये विजेचे बारीक झटके देणारं मशीन. गालावर ओला पॅड ठेवून त्या बटण दाबत. मुंग्या येत आणि गाल आपोआप उडे. मी खूश होई. "हुरळू नकोस, हा मी हलवतेय," त्या म्हणत. "नस बरी झाली की निरोप तिने द्यायचा. तोवर स्नायू झोपू नये म्हणून ही खटपट." मग आम्ही दोघी आरशासमोर बसून गाल फुगवायचो, दात विचकायचो. हे पाहून दूधवाला एकदा पिशव्या उंबऱ्यातच ठेवून पळाला.

तीन आठवडे गेले. एका दुपारी मी रडले. "येईल ना हो परत?"

नणंदबाईंनी पॅड पुन्हा ओला करून पिळला. मग म्हणाल्या, "बहुतेकांचं येतं. सगळ्यांचंच येतं असं नाही, खोटं कशाला सांगू? चल, पॅड लाव. आणि हस."

हसण्यासारखं काही नव्हतं, तरी प्रयत्न केला. ओठाचा कोपरा कणभर वर गेला.

"मुंग्या आल्या?"

"नाही."

"कशा येतील? अगं, लाइट गेलेत!" मशीनचा लाल दिवा विझला होता. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, "परत हस," म्हणाल्या, आणि स्वतःच रडायला लागल्या.

महिन्याभराने मी वर्गात 'पाटील' म्हटलं आणि मागच्या बाकावरून 'हजर' आलं.

नणंदबाई पुढे बाळकुमला मुलाकडे राहायला गेल्या, आणि तिथेच वारल्या. संध्याकाळी थकले की माझ्या ओठाचा डावा कोपरा अजून थोडा उतरतो. घरात कुणाच्या लक्षात येत नाही. त्यांच्या आलं असतं.