अडलेल्या मेलची खोली

चिंतामणी बोरामणीकर हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. एकटा होता, एवढंच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये बोलायला कोण, तर टीव्ही, आणि तोही आपलंच म्हणणं रेटणारा. त्यामुळे सकाळी स्कूटर काढून चिंचोळी एमआयडीसीत पोचला की त्याला घरी आल्यासारखं वाटायचं.

तिथल्या टॉवेलच्या कारखान्यात तो कॉम्प्युटर बघायचा. अख्खा विभाग म्हणजे तो एकटा आणि गोदामामागची एक थंडगार खोली. खोलीत लिनक्सवर चालणारा मेल सर्व्हर. परदेशातल्या ऑर्डरी, लेबलांची डिझाइनं, बिलं, सगळी त्यातूनच ये-जा. जुन्या प्रोग्रामची तऱ्हा अशी, की एका माणसाचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये. कुणी ती उघडली की तिला कुलूप लागायचं, वाचून झालं की निघायचं. पण मध्येच लाइट गेली किंवा ढीगभर फोटो आले की कुलूप तसंच राहायचं आणि मेल ठप्प. मग चला बोरामणीकर सरांकडे.

आता तुम्ही म्हणाल, फोन करायचा की. तर नियम चिंतामणीनंच घातलेला. पासवर्ड फोनवर बोलायचा नाही, मेल अडला तर स्वतः यायचं. नियम मोठा शहाणपणाचा. फक्त कुलूप काढायला कुणाचा पासवर्ड लागतच नाही, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

एक्सपोर्टची रेश्मा यायची, पॅकिंगचे धोंडीराम यायचे. काम चुटकीसरशी होणारं. पण हा पठ्ठ्या "बसा, होतंय" म्हणत चहाची किटली लावायचा आणि कीबोर्डवर उगाच बोटं फिरवत राहायचा. तेवढ्यात रेश्मा सासूची गाऱ्हाणी सांगून घ्यायची. धोंडीराम कुंभारीच्या शेतातल्या बोअरचं पाणी कुठं पळालं ते सांगायचे. "तुमच्याकडं बसलं की डोस्कं शांत हुतंय बगा सर," असं जाता जाता म्हणायचे. तेवढ्या एका वाक्यावर चिंतामणीचा आठवडा निघायचा.

मग मालकांनी नवं मशीन आणलं. मालक बसलिंगप्पा, साधा माणूस. म्हणाले, "सर, ह्यात काय घालायचं ते तुमीच ठरवा. मला त्यातलं काय कळत न्हाय. फकस्त अडायला नको."

चिंतामणी हौसेनं कामाला लागला. मेलची ने-आण करायला एक्झिम की पोस्टफिक्स, दोन्ही लावून बघितले. पोस्टफिक्स त्याला आवडला. सगळी मांडणी सरळ, उद्या दुसरा कुणी आला तरी वाचून कळेल अशी. लोकांच्या हाती मेल द्यायला डव्हकॉट. त्यात प्रत्येक मेलची फाइल वेगळी ठेवता येते, त्यामुळे एका कुलपापायी सगळं अडायचा प्रश्नच नाही. त्यानं मुद्दाम हजारो मेल सोडले, मध्येच वायर उपटली, पुन्हा चालू केलं. सगळे मेल जिथल्या तिथं. तो खूश होऊन खुर्चीत रेलला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. मेल अडणार नाही, म्हणजे या खोलीत कोण येणार?

दुसरी वाट होतीच. जुनाच प्रोग्राम नव्या मशीनवर बसवायचा. "सगळ्यांना सवय आहे हो," म्हटलं की झालं. विचारणार कोण? अख्ख्या कारखान्यात त्याच्याशी या विषयावर भांडू शकेल असं माणूस नव्हतं, आणि तेव्हा त्याला वाटलं, असतं तर किती बरं झालं असतं. मालकांनी विचारलं की तो म्हणायचा, "बघतोय अजून." बघायचं काही शिल्लक नव्हतं.

अशाच एका दुपारी रेश्माच्या चपलांचा आवाज आला आणि यानं आधी किटलीत पाणी ओतलं. रेश्मा दारातच उभी राहिली. डोळे लाल. गिऱ्हाईकानं लेबल बदलल्याचा मेल तिच्या अडलेल्या पेटीत पडून राहिला होता, आणि माल जुन्याच लेबलानं पॅक झाला होता. मालक तिला सगळ्यांदेखत बोलले होते. धोंडीरामांच्या हाताखालच्या पॅकिंगच्या बायका गठ्ठे सोडून एकेक लेबल उसवत बसल्या होत्या.

"चहा नको सर. आधी तेवढं कुलूप काढा," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून बरंय हो."

चिंतामणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई रडवेली होऊन येत होती आणि तो तिच्या पावलांची वाट बघत बसला होता. तिला तसं सांगायची हिंमत मात्र झाली नाही. सुटीच्या दिवशी एकटाच कारखान्यात येऊन त्यानं पोस्टफिक्स आणि डव्हकॉट नव्या मशीनवर चढवले, सगळ्यांचे जुने मेल नीट आत घेतले आणि जुनं मशीन बंद केलं.

सर्व्हर असा चालला की नाव ठेवायला जागा नाही. पहिल्या आठवड्यात तो स्वतःच एक्सपोर्टमध्ये डोकावला. "मेल बरा आहे ना?" रेश्मा फोनवर होती. मान न वळवता तिनं अंगठा दाखवला. तो थोडा वेळ टेबलापाशी उभा राहिला, मग परत आला. नंतर गेला नाही. डबा खोलीतच खायचा. कधी कधी संध्याकाळी गेटवरच्या वॉचमनला "निघतो" म्हटलं, की लक्षात यायचं, दिवसभरातलं हे पहिलंच बोलणं.

थंडी पडली तेव्हा स्कूटर लावताना धोंडीराम भेटले. आपणहून थांबले.

"सर, लई दिवसांनी. गावाला गेलता जनू? रेश्माताई बी म्हनत हुती, सर रजेवर हायत."

चिंतामणीनं स्कूटरची किल्ली काढून खिशात टाकली.

"पर तुमी नसताना मेलचं काय सुदिक अडलं न्हाय बगा," धोंडीराम कौतुकानं म्हणाले.

"हो," चिंतामणी म्हणाला. "बहिणीकडे गेलो होतो. नागपूरला. आजच आलो."

त्याला बहीण नव्हती.

"आस्सं व्हय. बरं चाललंय न्हवं त्यांचं?"

मग चिंतामणीनं बहिणीचं घर सांगितलं, तिच्या दारची संत्र्याची झाडं सांगितली, भाच्याची नोकरी सांगितली. भोंगा होईपर्यंत धोंडीराम ऐकत उभे होते, म्हणून तो सांगत राहिला.